न लिहिलेली ओळ

वाचकहो, माझे निम्मे आयुष्य कचेरीतल्या नोंदवह्या लिहिण्यात गेले. म्हणूनच एका विमान अपघाताची चौकशी माझ्या मनातून जात नाही.

५ मार्च २०१५ रोजी अमेरिकेतील सांता मोनिका येथे नट हॅरिसन फोर्ड १९४२ सालचे छोटे रायन विमान एकटेच उडवत होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. विमानतळ गाठता येईना, तेव्हा त्यांनी ते गोल्फच्या मैदानाकडे वळवले. झाडाच्या शेंड्याला घासून विमान आदळले. फोर्ड जबर जखमी झाले, पण वाचले.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे माप ठरवणारा मुख्य जेट आटे सुटून निसटला होता. इंजिनात पेट्रोल प्रमाणाबाहेर जाऊ लागले. कार्बोरेटरची दुरुस्ती सुमारे १७ वर्षांपूर्वी झाली होती. त्यानंतर या जेटची देखभाल कशी करावी, याच्या लेखी सूचना मात्र सापडल्या नाहीत!

कारकुनी लोकांना हलकी वाटते. पण न लिहिलेली एक ओळ माणसाच्या जिवावर बेतू शकते. बंधुभगिनींनो, कारखान्यात, रेल्वेत, गॅरेजमध्ये राबणारे आपलेच लोक आहेत. काम हातावेगळे करताना पुढच्या माणसासाठी दोन ओळी जरूर लिहून ठेवा.