माळ्यावरचा तंबोरा

टाकून देववत नाही आणि हाती घेण्याचे धैर्यही होत नाही, अशी एखादी वस्तू आपल्याही घरात असेल. आमच्या हिवरे बाजारच्या घरात माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेला एक तंबोरा होता. माझे सासरे प्राथमिक शिक्षक. पगारातून पैसे साठवून 1964 साली त्यांनी तो मिरजेहून आणला. गावात भजन असले की टाळ-पखवाजाच्या साथीला तो झंकारत असे. माझे यजमान लहानपणी त्याच्याच शेजारी बसून सूर धरायला शिकले. पुढे 1972च्या दुष्काळाने आमचे घर पुण्यास नेले आणि तंबोरा माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर आम्ही गावी परतलो, तरी ‘एकदा दुरुस्त करून आणू’ असे नुसते म्हणतच राहिलो.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, वाचाही गेली. वैद्यकात यास वाचाघात म्हणतात. माणसाची समज बरीचशी शाबूत राहू शकते, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवे असले तरी ह्यांच्या तोंडून ‘ते... ते...’ एवढेच येई. मग संताप होई आणि संतापामागून डोळे भरून येत. मी शुश्रूषेत कसूर करीत नव्हते. परंतु खरे सांगते, मुकेपण आम्हा दोघांनाही आले होते. औषध, जेवण आणि आंघोळ यांपलीकडे दिवसभरात मी स्वतःहून एक वाक्य बोलत नसे.

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी मुलाने माळा साफ करण्यास घेतला आणि ते गाठोडे खाली आणले. भोपळ्यास तडा गेला होता, तारा गंजल्या होत्या, एक खुंटी नाहीशी झाली होती. ह्यांनी डावा हात पुढे केला, भोपळ्यावरची धूळ हळूच पुसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “ते.” या वेळी ‘ते’ म्हणजे काय, हे मला विचारावे लागले नाही.

जाऊबाईंवर घर सोपवून मी मुलासोबत मिरजेस गेले. आजारपण सुरू झाल्यापासून घराबाहेर घालवलेला माझा तो पहिला पूर्ण दिवस. निघताना अपराधी वाटत होते. परतताना मात्र जाणवले की आपणही कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी ती सुरू केली, असे सांगतात. तेथील सतार आणि तंबोरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात. ज्या वृद्ध कारागिरांकडे आम्ही गेलो, त्यांनी भोपळा बोटांनी वाजवून पाहिला आणि म्हणाले, “भोपळा चांगला आहे. तडा आतून सांधता येईल.” मग त्यांनी मला विचारले, “वाजवणार कोण? आणि बसणार कसे?”

मी संकोचून सारे सांगितले. मांडी घालता येत नाही, उजवा हात चालत नाही, आवाजही पूर्वीचा राहिला नाही. वाटले, हे ऐकून ते म्हणतील, मग कशाला खर्च करता? ते म्हणाले, “तंबोरा माणसाप्रमाणे लावायचा असतो.” त्यांनी भोपळा सांधला, नवी खुंटी बसवली, तबलीला नवे पॉलिश केले आणि घोडीची जवारी काढली. मग सूर एका पूर्ण स्वराने खाली आणण्यासाठी थोड्या जाड तारा चढवल्या आणि तंबोरा टेबलावर आडवा राहावा म्हणून कापडाची गादी असलेली लाकडी बैठक करून दिली, म्हणजे खुर्चीत बसून डाव्या हाताने तारा छेडता येतील. घोडीवर तारेखाली सुताचा जो तुकडा सरकवतात, त्यास हे लोक ‘जीव’ म्हणतात. तो जागच्या जागी बसला की तार बोलू लागते.

परतीच्या वाटेवर मला आमचे गाव आठवत राहिले. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यापूर्वी हिवरे बाजार म्हणजे सोडून जाण्याचे गाव होते. मग लोकांनी श्रमदान केले, डोंगरावर समतल चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली. तरीही पाऊस वाढला नाही. तो आजही जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपासच असतो. बदलली ती रीत. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्या मापाने पिके ठरवायची, उसासारख्या तहानलेल्या पिकांचा हट्ट धरायचा नाही. म्हातारपणी शक्तीचाही असाच ताळेबंद मांडावा लागतो. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवताना आपण संकोचत नाही, मग आवडीच्या वस्तूला आपल्या आजच्या शरीराचे माप देताना कमीपणा का वाटावा?

तंबोरा घरी आला त्या संध्याकाळी ह्यांनी डाव्या हाताने खर्जाची तार छेडली. खर्ज नीट लागला की त्यातून न छेडलेला गांधारही ऐकू येतो. गवई त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. बराच वेळ हे नुसते ऐकत राहिले. मग त्या सुरात सूर मिळवून अगदी स्पष्ट म्हणाले, “राम कृष्ण हरी.” मी स्वयंपाकघरात होते, हातातली पळी तशीच राहिली.

हा चमत्कार नव्हे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार प्रामुख्याने डाव्या बाजूस चालतो, गाण्यात मात्र उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. म्हणून न बोलता येणारे काही रुग्ण परिचित ओळी गाऊ शकतात. याच आधारे अमेरिकेत अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी 1973 साली सुरांतून शब्दांकडे नेणारी उपचारपद्धती मांडली. ती प्रत्येकास लागू पडत नाही आणि वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यास घरचा तंबोरा पर्याय ठरत नाही. ह्यांना आजही पाणी मागता येत नाही. ‘पाणी’ हा शब्द आम्ही सुरात घोळवून पाहतो. कधी तो निम्मा येतो, कधी येतच नाही.

आपल्याकडे असे काही करावयाचे असल्यास दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगते. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत, थकवा दिसताच थांबावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर तारेने कातडीस इजा होत नाही ना, हे रोज पाहावे. ‘म्हणा ना, काल तर म्हणालात’ असा आग्रह मुळीच करू नये. आणि सोबत बसावे. मला गाता येत नाही, तरी आता संध्याकाळी मी शेजारी खुर्ची ओढून बसते. हे तार छेडतात, मी षड्ज धरते. माझा सूर चुकला की हे मान हलवून हसतात.