वीतभर उचला आणि थांबा

इंदिरानगरातल्या सोसायटीत जनरेटर बसवायचा म्हटलं, की सेक्रेटरींचा पहिला प्रश्न असतो, "किती वेळ लागेल?" मी तोवर फाटकाच्या आतली जमीन बघत असतो. पाण्याची टाकी बऱ्याचदा तिथेच, जमिनीखाली. दहा-बारा टनांची हायड्रा क्रेन तिच्या स्लॅबवर चढली, तर जनरेटर राहिला बाजूला. म्हणून वॉचमनकडून झाकण उघडून घेतो, टाकीची कड चुन्याने आखतो आणि मगच क्रेनला आत घेतो. विजेच्या तारा कुठून गेल्यात तेही तेव्हाच बघून ठेवायचं.

वजन प्लेटवर लिहिलेलं असतं, तोल मात्र पत्र्याच्या आवरणाआड असतो. इंजिनाची बाजू जड, अल्टरनेटरची हलकी. हूक बरोबर मध्यावर धरला की जड टोक खाली जातं. पट्ट्यांचंही तसंच. एक टन माल दोन सरळ उभ्या पट्ट्यांवर अर्धा-अर्धा टन पडतो. तेच पट्टे पसरून आडव्याशी 30 अंशांवर आले, की प्रत्येकावर पुरता एक टन. जांभळा पट्टा एक टनाचा, तिथे त्याची हद्द संपली. अशा वेळी मी हिरवाच काढतो.

अंबडच्या कंपनीत गेटवरच पट्टे-साखळ्यांचं तपासणी प्रमाणपत्र मागतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 नुसार वर्षातून एकदा तरी ही तपासणी व्हावीच लागायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शहापूरजवळ सरलांबे इथे 31 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून 20 जण गेले. मुंबईला जाताना शहापूर आलं, की ती माणसं आठवतात.

आमच्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक थांबा. माल जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि तसाच धरायचा. पट्टा ताणून बसतो, पत्र्याच्या कोपऱ्याखाली घातलेला टायरचा तुकडा दबतो, कुठलं टोक झुकतंय ते दिसतं. चुकलंच असेल तर माल वीतभरच खाली येतो; पट्टे सरकवून पुन्हा उचलायचा. या वेळी मालाला कोणी हात लावायचा नाही. सावरायला दोर बांधलेला असतो.

पायावर उतरवताना पोरांचा हात हटकून रबरी पॅडकडे जातो. पॅड लाकडाच्या पट्टीनेच सरकवायचं, हे मी दर वेळी नव्याने सांगतो. सगळ्यांचे हात मला दिसल्याशिवाय ऑपरेटरला 'आरिया', म्हणजे खाली सोड, म्हणत नाही.