तीनशे दिनारांचे तेल



पवित्र सप्ताहातल्या सोमवारी मिस्सामध्ये बेथानीच्या मेजवानीचे शुभवर्तमान वाचले जाते. मरीया प्रभूच्या पायांना महागडे जटामांसीचे तेल लावते, आणि एकजण विचारतो की हे तेल ३०० दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई झाली. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा उतारा सोळा वर्षे शिकवते आहे. म्हणून आज जे लिहिते आहे ते लिहायला जड जाते.

गेल्या वर्षी जानेवारीत मी बेळगावहून दुबईला गेले होते. धाकटा भाऊ तिथे चौदा वर्षे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. तिकीट त्यानेच काढले. दहा दिवस त्याने आणि भावजयीने मला हातावर झेलले. उंच इमारती पाहून मान दुखली, तेवढेच. मन रमले ते ऊद मेथा भागातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये. शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ मध्ये ते पहिल्यांदा उभे राहिले. मिस्सा सुटल्यावर अंगणात मल्याळी, कोकणी, फिलिपिनो, अरबी असा नुसता गलका. आपलीच माणसे वाटली सगळी.

परतायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, आज बाहेर जेवायचं. मोरोक्कोचं जेवण. चांगली साडी नेस."

जागा पाहूनच मी बावरले. नक्षीदार फरशांच्या भिंती, पितळेचे जाळीदार दिवे, त्यांची भोके भोके पडलेली सावली छतावर. आम्ही बसतो न बसतो तोच एक मुलगा पितळेची झारी आणि परात घेऊन आला. हात पुढे करायचे, तो पाणी ओतणार. मोरोक्कोत पाहुण्याचे हात असे धुतात, म्हणे. मी वेदीसेवक मुलांना फादरांच्या हातावर पाणी कसे ओतायचे ते शिकवते, धार बारीक ठेव, बाही भिजवू नकोस. पण माझ्या हातावर कुणी ओतेल हे कधी मनात आले नव्हते. मी झारी घ्यायला गेले, तो मुलगा हसला आणि त्याने धार धरली. पाण्याला फुलांचा वास होता.

आधी बस्तिला आली. कागदासारख्या पातळ पाऱ्या, आत कोंबडी आणि बदाम, वरून दालचिनी आणि चक्क पिठीसाखर. कोंबडीवर पिठीसाखर! "आपल्या मांड्यांत कुणीतरी कोंबडी घातली वाटतं," मी म्हणाले, आणि भाऊ इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून पाहू लागले. चव मात्र खरेच छान होती.

मग ताजीन. टोपीसारख्या उंच निमुळत्या झाकणाचे मातीचे भांडे. वाफ त्या झाकणाला लागून परत खाली ठिबकते आणि मांस आपल्याच रसात मऊ होते. आत बोकडाचे मटण, सुके आलुबुखार आणि बदाम. वेगळी ताटे नाहीत. भांडे मध्ये ठेवायचे, उजव्या हाताने रोटीचा तुकडा मोडायचा आणि आपल्या समोरच्या बाजूचेच घ्यायचे. शेवटच्या भोजनात एकाच ताटात हात बुडवण्याचा उल्लेख येतो तेव्हा मुलांना ते समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरच्या चित्रातले ते लांबलचक टेबल असते. इथे ते समोरच मांडले होते. भाऊ मटणाचे चांगले तुकडे बोटाने माझ्या बाजूला सरकवत होता. "खा की गं."

तेवढ्यात मेनूकार्ड माझ्या हाताला लागले. धर्मग्रामाच्या गरीब निधीचा हिशेब माझ्याकडे असतो, बेरीज करायची सवय जात नाही. ९०० दिरहमच्या वर. म्हणजे वीस हजार रुपये. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, एवढ्यात आपल्या इथल्या दोन मुलींची वर्षाची फी भरली असती."

त्याचा हात भांड्यात होता. तो तिथेच थांबला. मग त्याने रोटीचा तुकडा खाली ठेवला, "हात धुऊन येतो" म्हणाला आणि उठला. हात धुवायला तर झारी तिथेच होती.

भावजय थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत नाही." २०२० च्या एप्रिलमध्ये दुबई बंद होती आणि तिला कोरोना म्हणून वेगळ्या ठिकाणी नेले होते. हा घरात एकटा, तापाने फणफणलेला. आम्हाला फोनवर रोज "मी ठणठणीत आहे" असे सांगत होता. त्याच्या कामावर फेझ शहरातला एक मोरोक्कन मुसलमान गृहस्थ आहे. रमजान सुरू झाला होता. तो दिवसभराचा उपाशी माणूस रोज संध्याकाळी, स्वतः रोजा सोडण्याआधी, याच्या दारात हरीरा ठेवून जायचा. टोमॅटो, मसूर, हरभरे, कोथिंबीर घातलेले दाट सूप, सोबत तीन खजूर. दार वाजवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा, याने डबा आत घेतला की हात हलवून निघायचा. सतरा दिवस.

"तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं," ती म्हणाली, "घरचं कुणी आलं की मोरोक्कोचं जेवायला घालायचं, आणि चांगल्या ठिकाणी. तीन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. आई आल्या नाहीत, मग तुम्ही."

आमची आई २०२१ मध्ये गेली. तो येऊ शकला नव्हता.

शुभवर्तमानात लिहिले आहे की तो प्रश्न विचारणाऱ्याकडे पैशांची थैली असायची. हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. त्या टेबलावर ते आठवले तेव्हा घास गिळवेना.

भाऊ परत आला. डोळे धुतलेले दिसत होते. पुदिन्याचा चहा आला, किटली हातभर उंच धरून लहान काचेच्या पेल्यांत ओतलेला, भरपूर गोड. माफी मागायची तर शब्द सापडेना. आम्हा भावंडांना एकमेकांशी तसे बोलायची सवयच नाही. मी रोटी मोडली, भांड्यातला उरलेला रस त्यात टिपला आणि त्याच्या पुढे धरली. त्याने क्षणभर पाहिले. मग माझ्या हातूनच खाल्ली, लहानपणी खायचा तशी.

मेट्रोतून परतताना त्याने पाकिटातून २०० दिरहम काढून माझ्या हातात ठेवले. "त्या मुलींच्या फीसाठी." रागाने दिले की प्रेमाने, मला कळले नाही. नको म्हणायची हिंमत नव्हती. गरीब निधीच्या वहीत मी ते त्याच्या नावाने लिहिले.

यंदा झावळ्यांच्या रविवारी वर्गात एका मुलाने तोच प्रश्न विचारला, जो दरवर्षी कुणीतरी विचारतेच: "टीचर, पण यहूदाचं म्हणणं बरोबरच होतं ना?" माझे नेहमीचे उत्तर तयार होते. मी ते दिले नाही. खडू ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना फेझच्या त्या माणसाची आणि दाराशी ठेवलेल्या डब्याची गोष्ट सांगायला बसले.