वाटाड्याच्या मागून मोरोक्को

मोरोक्कोतला प्रवास बहुधा एका ठरलेल्या वळणाने होतो. फेसच्या जुन्या शहरापासून सुरुवात, मग दक्षिणेला मध्य ॲटलासची सीडर वृक्षांची राने, झीझ नदीचे खोरे, मर्झूगाजवळची वाळू; तिथून पश्चिमेला वळून मातीच्या गढ्यांच्या मुलुखातून, उंच ॲटलासची खिंड ओलांडून माराकेश. फेस ते मर्झूगा हे अंतर साडेचारशे किलोमीटरहून थोडेसेच जास्त आहे. पण एवढ्या अंतरात जमीन इतक्यांदा रूप पालटते की सगळीकडची वाट एकाच माणसाला ठाऊक असणे शक्य नाही. त्यामुळे या देशात वाटाड्याचे काम एकसारखे कधीच नव्हते. शहरातला वाटाड्या वेगळा, डोंगरातला वेगळा, वाळवंटातला वेगळा. मोरोक्कोच्या २०१२ सालच्या कायद्यानेही परवानाधारक वाटाड्यांचे दोन वर्ग केले आहेत: शहरे व पर्यटनमार्ग दाखवणारे आणि नैसर्गिक प्रदेशांत नेणारे. कायदा अलीकडचा असला तरी ही विभागणी शतकानुशतके चालत आलेली आहे.

शहरापासून पाहू. इद्रिस पहिला याने ७८९ मध्ये फेस वसवायला घेतले आणि नवव्या शतकाच्या आरंभी त्याच्या मुलाने, इद्रिस दुसऱ्याने, नदीच्या पैलतीरावर दुसरी वस्ती उभारली. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने करवीयीन मशीद बांधवली, अशी परंपरा सांगते. पुढे त्या मशिदीभोवती विद्यापीठ वाढले. जुन्या शहरात मोटारीला वावच नाही. चामड्याचे गठ्ठे, गॅसच्या टाक्या, विटा, सारे काही गाढवा-खेचरांच्या पाठीवरून जाते आणि मागून ‘बालक, बालक’ अशी हाक आली की भिंतीला अंग चिकटवून बाजूला व्हायचे असते. बाब बू जलूद या वेशीतून आत शिरले की तालआ कबीरा आणि तालआ सगीरा हे दोन मुख्य रस्ते उताराने करवीयीनच्या दिशेला जातात. हे रस्ते कुणालाही सापडतात. अडचण होते ती त्यांना फुटणाऱ्या बोळांत, कारण यातले कितीतरी बोळ पुढे बंद होतात. ते वाटसरूंसाठी नसून चार-सहा घरांच्या सामायिक अंगणासारखे असतात. चांगला वाटाड्या तिथे पाहुण्यांना नेत नाही. कुठे जायचे हे जितके त्याला कळते तितकेच कुठे जायचे नाही हेही कळते, आणि फेसमध्ये हे दुसरे ज्ञान अधिक मोलाचे आहे.

तो दाखवतो ती मोहल्ल्याची रचना. प्रत्येक जुन्या मोहल्ल्यात मशीद, कुराणाची शाळा, पाण्याचा हौद, हमाम आणि भट्टी या पाच गोष्टी जवळजवळ असतात. घरी मळलेल्या पिठाच्या पाट्या मुले भट्टीवर नेऊन देतात आणि भाजलेला पाव घेऊन परततात. कुठल्या घराचा पाव कुठला, हे भट्टीवाल्याला पक्के ठाऊक असते. कित्येक ठिकाणी हमामचे पाणी तापवणारी आग शेजारच्या भट्टीच्या बाजूलाच पेटत असते. ही व्यवस्था समजली की तोवर निव्वळ गुंता वाटणारे शहर वाचता येऊ लागते. शुवारा इथे चामडे कमावण्याचे दगडी हौद आहेत. कातडी आधी चुना आणि कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात भिजतात, तुडवून मऊ होतात आणि मग रंगाच्या हौदांत उतरतात. वरच्या गच्चीवर प्रवाशांच्या हातात पुदिन्याची काडी दिली जाते. दुर्गंधीवर हा उपाय ठीक आहे, पण खाली दिवसभर गुडघ्याइतक्या द्रावात उभे राहणाऱ्या माणसांबद्दल जो वाटाड्या बोलतो, त्यांचे संघ आणि पिढीजात हक्क यांची माहिती देतो, तो छायाचित्रापलीकडचे काही देऊन जातो.

हे शहर असे टिकले त्यामागे एक राजकीय कारण आहे. १९१२ मध्ये फ्रेंचांचा अंमल आला तेव्हा पहिला रेसिडेंट-जनरल ल्योते याने जुनी शहरे पाडून रुंद न करता युरोपीयांसाठी बाहेर नवी शहरे वसवण्याचे धोरण ठेवले. मुसलमानेतरांना मशिदींत प्रवेश नसावा, हा दंडकही त्याच काळात पक्का झाला आणि कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीसारखे थोडे अपवाद सोडले तर अजून पाळला जातो. त्या धोरणाने वास्तू वाचल्या. पण राहणारे आणि राज्य करणारे यांच्यात भिंतही पडली, आणि परक्याला जुने शहर दाखवणारा मध्यस्थ या भिंतीच्या फटीत उभा राहिला. पुढे पर्यटन वाढले तसे विनापरवाना वाटाडे वाढले, वेशीवर प्रवाशांना घेरू लागले, आणि सरकारला पर्यटन पोलिसांची पथके नेमावी लागली. त्या तरुणांपैकी बरेच जण बेकारीमुळे या धंद्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. परवाना असो वा नसो, गालिच्याच्या दुकानातल्या दलालीवर जगावे लागणारा वाटाड्या शहर नीट दाखवू शकत नाही. त्याचा दिवसाचा मोबदला आधी ठरवून पुरता देणे हाच यावर खरा इलाज आहे.

डोंगरात जाण्याआधी फेसमधल्या एका पुस्तकाचा उल्लेख करायला हवा. बू इनानिया हा चौदाव्या शतकातला मदरसा सुलतान अबू इनानने बांधवला. त्याच सुलतानाच्या आज्ञेवरून तांजाच्या इब्न बतूताने आपल्या प्रवासांची हकीकत इब्न जुझय्य या लेखकाला सांगितली आणि १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. मराठी वाचकाला हा ग्रंथ परका नाही. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी राहिलेला हा माणूस पुढे दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला, गोव्याच्या लढाईतही होता, आणि आपल्याकडच्या चौदाव्या शतकाविषयी काही सांगायचे तर त्याचा आधार घ्यावा लागतो. त्याने पाहिलेला देवगिरीचा किल्ला आणि त्याने अखेरीस पार केलेले सहारा वाळवंट एकाच ग्रंथात आहेत.

ॲटलास पर्वत देशाला वायव्येचा ओला भाग आणि आग्नेयेचा कोरडा भाग असे दुभागतो. आज तिझी-न-तिश्का या २,२६० मीटर उंचीच्या खिंडीतून डांबरी रस्ता जातो. तो फ्रेंचांनी १९३६ मध्ये पुरा केला. त्याआधी या खिंडींवर टोळ्यांची आणि तेलुएतच्या ग्लावी घराण्यासारख्या सरदारांची सत्ता होती. अशा मुलुखात वाट माहीत असून भागत नसे. ज्या टोळीच्या हद्दीतून जायचे तिच्यातला एखादा वजनदार माणूस पैसे देऊन संरक्षक म्हणून सोबत घ्यावा लागे. त्याला झत्तात म्हणत. तो बरोबर असेतो पाहुण्याला हात लावणे म्हणजे त्याच्या इभ्रतीवर घाव. हद्द संपली की तो पाहुण्याला पुढच्या टोळीच्या झत्तातच्या हवाली करी.

ही पद्धत सर्वांत तपशिलाने नोंदली ती शार्ल द फूको या फ्रेंच माणसाने. १८८३-८४ मध्ये ख्रिस्ती परदेशीयांना बंद असलेल्या मोरोक्कोत तो ज्यू धर्मगुरूच्या वेषात हिंडला, तळहातात मावणाऱ्या वह्यांत चोरून टिपणे घेतली आणि १८८८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला नेणारा माणूस होता मार्दोशे अबी सेरूर, दक्षिण मोरोक्कोतला खरा धर्मगुरू, ज्याने स्वतः सहारा पार करून टिंबक्टूत व्यापार केला होता. फूकोचे वेषांतर निभावले ते मार्दोशेच्या भाषेवर, ओळखींवर, प्रार्थनांवर आणि ज्यू वस्त्यांत मिळालेल्या आसऱ्यावर. तरीही फूकोने त्याच्याबद्दल तिटकाऱ्यानेच लिहिले, आणि भूगोलाच्या इतिहासात नाव राहिले ते एकाचेच. शोधप्रवासांच्या ग्रंथांत वाटाड्यांवर झालेला हा अन्याय नेहमीचा आहे, आणि मार्दोशेच्या बाबतीत तो विशेष खटकतो, कारण जोखीम त्याची अधिक होती: भेद उघडा पडता तर परक्याला आत आणल्याचा राग आधी त्याच्यावर निघाला असता.

आजचा डोंगरी वाटाड्या माराकेशच्या दक्षिणेला इम्लिलसारख्या गावांत घडतो. उत्तर आफ्रिकेतले सर्वांत उंच शिखर तुबकाल, ४,१६७ मीटर, या गावातून चढतात. इथला मुलगा लहानपणी घरच्या खेचराबरोबर सामान पोचवतो. पुढे तो तुकडीबरोबर खेचरवाला म्हणून जातो, मग आचारी होतो, ताजीनच्या भांड्याखालचा निखारा आणि वाऱ्याची दिशा सांभाळता सांभाळता चार वाक्ये फ्रेंच नि इंग्रजी शिकतो. काही जण तिथून आयत बुगमेझ खोऱ्यातल्या ताबांत इथल्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन परवाना मिळवतात. बाकीचे उमर निघून जाईतो खेचरामागेच चालतात. एखाद्या म्हाताऱ्या खेचरवाल्याला बर्फाचा अंदाज परवानाधारकाहून चांगला असतो, आणि समंजस वाटाडे निघण्याआधी त्याला विचारतात.

डिसेंबर २०१८ मध्ये इम्लिलजवळ दोन परदेशी तरुणींची हत्या झाली. त्यानंतर तुबकालच्या वाटेवर वाटाड्या सोबत असणे सक्तीचे झाले आणि चौक्यांवर पासपोर्ट तपासले जाऊ लागले. म्हणजे नव्या रूपात का होईना, सोबत असलेला माणूस पुन्हा पाहुण्याच्या जिवाचा हमीदार झाला. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने याच डोंगरातली दगडमातीची गावे कोसळली आणि सुमारे तीन हजार माणसे गेली. दरडींनी रस्ते बुजले तेव्हा वरच्या वाड्यांपर्यंत पीठ, पाणी आणि ब्लँकेटे नेली ती पर्यटकांचे सामान वाहणाऱ्या खेचरांनी. पायवाटांचे जे ज्ञान एरवी मोसमी रोजगार म्हणून पाहिले जाते, त्यावर त्या दिवसांत गावे जगली.

वाळवंटाची गोष्ट रिसानी या गावापासून सुरू होते. आठव्या शतकात वसलेल्या सिजिलमासा शहराचे अवशेष गावाला लागूनच आहेत. पश्चिम आफ्रिकेचे सोने आणि सहाराचे मीठ यांच्या व्यापारावर ते शहर श्रीमंत झाले. फेब्रुवारी १३५२ मध्ये इब्न बतूता इथूनच तांड्याबरोबर निघाला. पंचवीस दिवसांनी तो तगाझा या मिठाच्या खाणीवर पोचला, जिथे घरे आणि मशीदही मिठाच्या विटांची होती आणि वर उंटांची कातडी घातलेली होती. पुढे निर्जळ पट्टा लागतो. तिथे तांडा तकशीफ नेमत असे: मसूफा टोळीतला एक माणूस व्यापाऱ्यांची पत्रे घेऊन एकटा पुढे वलाता या गावी जाई, आणि मग वलाताची माणसे पाणी घेऊन चार दिवसांच्या वाटेवर तांड्याला सामोरी येत. हा माणूस वाटेत मेला तर मागचा तांडा बहुतेक नाश पावे. इब्न बतूताच्या तांड्याने त्याला शंभर मिस्काल सोने दिले. वाट दाखवणारा एका डोळ्याने आंधळा होता, दुसराही दुखरा, आणि तरी त्या वाटेचे ज्ञान त्याच्याइतके कुणालाच नव्हते, असे इब्न बतूता सांगतो. हा तपशील विश्वसनीय वाटतो. वाळूचे आकार वाऱ्याने बदलतात. वाळूखालच्या जमिनीचा घट्टपणा, वास, ताऱ्यांच्या जागा बदलत नाहीत.

मर्झूगाची वाळू, अर्ग शब्बी, उत्तर-दक्षिण वीसेक किलोमीटर पसरलेली आहे आणि तिच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत चढतात. इथले उंटवाले बहुतेक आयत खब्बाश या भटक्या टोळीतले. १९९४ पासून अल्जीरियाची सीमा बंद आहे. त्यातच दुष्काळाची वर्षे आली, कळप घटले, कुटुंबे गावात स्थिरावली आणि तरुणांनी पर्यटकांचे उंट हाती धरले. उंटवाला स्वतः पायी चालतो. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि सौम्य चढाची असते, आडोशाची बाजू तीसेक अंशांनी घसरती; तो वाऱ्याच्या बाजूने धारेशी राहून उंट नेतो, कारण आडोशाच्या उतारावर उंटाचे पाय रुततात आणि स्वार पुढे फेकला जातो. वारा उठला तर तो खळग्यात थांबतो, उंटांना बसवतो, वाट पाहतो. खेदाची गोष्ट ही की मोठ्या आवाजाच्या चारचाकी मोटारी आता याच धारांवर चढवल्या जातात. त्यांना परवानगी देण्यात काही शहाणपण नाही. ज्यांना वाळू पाहायची आहे त्यांनी चालावे.

मर्झूगाहून पुढे दक्षिणेला जुनी वाट सीमेपाशी थांबते, म्हणून प्रवास पश्चिमेला वळतो. एर्फूद आणि तिंजदाद यांच्या दरम्यान रस्त्याकडेला मातीच्या उंचवट्यांच्या लांब रांगा दिसतात. या खत्तारा: डोंगरपायथ्याचे भूजल अगदी हलक्या उताराच्या भुयारातून शेतापर्यंत आणणारी व्यवस्था, उंचवटे म्हणजे भुयार उपसण्यासाठी ठराविक अंतरावर खोदलेल्या विहिरींची तोंडे. पाण्याची पाळी तासांनी वाटली जाई आणि भुयाराची साफसफाई हिस्सेदारांनी मिळून करायची असे. खोल विहिरींवरचे पंप, १९७१ मध्ये झीझवर झालेले हसन अद्दाखिल धरण आणि लांबलेले दुष्काळ यांमुळे यातल्या बऱ्याच खत्तारा कोरड्या पडल्या आहेत. काही ठिकाणी आता प्रवाशांना पायऱ्यांनी भुयारात उतरवून ही रचना समजावून सांगतात. ती सांगणारे गावचेच असतात, आणि आपल्या खजुराच्या बागेला कुठल्या वारी किती वेळ पाणी मिळायचे, हे त्यांच्यातल्या वयस्कांना अजून तोंडपाठ आहे.