मी पाहिलेलं गुलमर्ग



सहावी-सातवीच्या निबंधाच्या वहीत 'माझा अविस्मरणीय प्रवास' हा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी वर्गातली दोन-तीन मुलं वहीतल्या वहीत काश्मीरला जाऊन येतात. घरातलं कुणी मुंबईच्या पुढे गेलेलं नसतं, तरी वहीत डोंगरांनी 'पांढरी शुभ्र चादर' पांघरलेली असते. गाईडमध्ये तसंच छापलेलं असतं, मुलं तरी काय करणार?

आमचं मासवण सूर्या नदीच्या काठी. पालघरहून वाघोबा खिंड ओलांडून मनोरकडे निघालं की लागतं. इथल्या मुलांना बर्फ माहीत आहे तो दोन ठिकाणचा. एक गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि दुसरा सातपाटीहून येणाऱ्या मासळीच्या टोपलीतला. आपल्या बोलण्यात फ्रीजमधला तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द पुस्तकात राहतो. थंडीत पेपरात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा फोटो येतो तेव्हा मुलं विचारतात, "बाई, आपल्या महाराष्ट्रात पण बर्फ पडला?" तो पडलेला नसतो. रात्री साठलेलं दव पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपावर गोठलेलं असतं. एवढा फरक सांगितला तरी अर्धा तास छान जातो.

तर असा हा 'पडणारा' बर्फ बघायचा म्हणून आम्ही दोन शिक्षिकांनी दोन वर्षं भिशीत पैसे घातले आणि जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात, किरकोळ रजा टाकून, घरच्यांसह काश्मीरला गेलो. निघण्याआधी वर्गात नकाशा काढला. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. उंची सुमारे २६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) डोक्यावर आणखी हजार मीटर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं हे सांगितल्यावर मुलांनी लगेच गणित केलं. मासवणला दुपारी ३० अंश, त्यातून १७ वजा, राहिले १३. "बाई, १३ ला बर्फ कसा पडेल?" प्रश्न बरोबर होता. मग अक्षांश काढावे लागले. आपण २० च्या आसपास, गुलमर्ग ३४ वर. हिवाळ्यात तिथे सूर्य आपल्यापेक्षा बराच खालून जातो, म्हणून मुळातच थंडी जास्त.

पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही, ढग लागतात. काश्मीरला हिवाळ्यातले ढग आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून येणाऱ्या या वादळी प्रणाली हिमालयाला अडल्या की डोंगरावर बर्फ आणि खाली पाऊस देतात. जसा आपला नैऋत्य मोसमी वारा, तसा त्यांचा हा. त्या हिवाळ्यात हे विक्षोभ एक तर आलेच नाहीत किंवा आले ते दुबळे. रात्री नळाचं पाणी गोठत होतं आणि दिवसा आकाश स्वच्छ निळं. ते एल निनोचं वर्ष होतं. त्याच वर्षीचा, म्हणजे २०२३ चा ऑगस्ट, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. काश्मीरच्या कोरड्या हिवाळ्याला एल निनो हे एकच कारण नसणार. पण पावसाची वाट बघत बसलेला तो ऑगस्ट आमच्या मुलांनाही आठवत होता.

तर आम्ही पाहिलेलं गुलमर्ग हे असं : तपकिरी, वाळलेलं गवत. एरवी बर्फाखाली जाणारं ते मोठं पठार उघडं पडलेलं. कडेला लाकडी स्लेजगाड्यांचा ढीग. स्की भाड्याने देणारी पोरं उन्हात खुर्च्या टाकून बसलेली. खाली तंगमर्गला आम्ही भाड्याने घेतलेले गमबूट आणि जाड कोट अंगावर नुसते ओझं झालेले. रोप-वे, म्हणजे तिथला गोंडोला, चालू होता. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगरावर ३९०० मीटरच्या वर. तिथे सावलीच्या बाजूला थोडा जुना, कडक झालेला बर्फ होता आणि त्या तुकड्यावर फोटोसाठी रांग. एक जोडपं मोबाईल अशा कोनात धरत होतं की मागचं कोरडं काही दिसू नये.

आजूबाजूला मराठी पुष्कळ ऐकू येत होतं. "ह्याच्यापेक्षा मनाली बरी होती." "एवढे पैसे घालून गवत बघायला आलो!" "टूरवाल्याने आधी सांगायला नको?" नाशिककडच्या एका आजींनी मात्र मांडीवर शाल घेऊन डोंगराकडे बघत म्हटलं, "अहो, देवदार तरी बघा. फोटोत हे एवढे उंच कळत नाहीत." हिरमोड आमचाही झाला. दोन वर्षांची भिशी होती ती.

तिथे एका स्लेजवाल्या काकांनी चहा पाजला. चहाच्या पैशांना हात लावू दिला नाही. फेरनच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची वेताची शेगडी, धरून बसले होते. त्यांनी हिशोब सांगितला. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, कडाक्याची थंडी. नंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ थंडीत घट्ट बसतो, थरावर थर चढतात आणि तो उन्हाळ्यापर्यंत हळूहळू झिरपत राहतो. ओढे, झरे, झेलम, सफरचंदाच्या बागा, भाताची खाचरं, सगळं त्यावर. फेब्रुवारीच्या शेवटी तेवढाच बर्फ पडला तरी ऊन वर आलेलं असतं, तो आला तसा वाहून जातो. "बहनजी, आपकी दो दिन की छुट्टी ख़राब हुई," ते म्हणाले, "हमारा तो जून-जुलाई ख़राब होगा." त्या वर्षी त्यांनी डिसेंबरपासून स्लेज एकदाही ओढली नव्हती. धाकटा भाऊ शाली विकायला खालच्या शहरांत गेला होता.

आम्ही परतलो आणि आठवड्याभरातच, जानेवारी संपता संपता, गुलमर्गला बर्फ पडायला लागला. फेब्रुवारीत भरपूर पडला. २१ ते २५ फेब्रुवारीला तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही झाल्या. त्याच दिवसांत वरच्या उतारावर हिमकडा कोसळून एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. ताज्या बर्फाचा जाड थर खालच्या थराला नीट धरला नाही की असं घसरणं होतं. टीव्हीवर पांढरं गुलमर्ग बघून आमच्या ग्रुपवर एकच सूर होता : दहा दिवस उशिरा गेलो असतो तर!

वर्गात मी मोबाईलवरचे तपकिरी फोटो दाखवले. मुलांना आधी खरंच वाटेना. मग स्लेजवाल्या काकांचं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे त्यांचा राब करपला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आमच्याकडे उन्हाळ्यात पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं करतात, तो राब. पाऊस सुरू झाला की रोपं वाढतात आणि मग आवणी, म्हणजे लावणी. जूनमध्ये एक सर येऊन पाऊस गायब झाला तर रोपं करपतात. आवणी लांबली तर रोपं जून होतात, फुटवे कमी येतात. पुढे ऑगस्टमध्ये कितीही कोसळला तरी सरकारी आकडा भरतो, कणगी भरत नाही. या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. शाल विकायला गेलेला भाऊ तिला समजावून सांगावा लागला नाही.

आम्ही सगळे पर्यटक 'बर्फ आहे की नाही' एवढंच विचारत होतो. स्लेजवाल्याचा प्रश्न 'कधी पडणार' हा होता आणि तो आमच्या मुलांना चटकन कळला, कारण त्यांच्या घरात तो दर जूनला विचारला जातो. बर्फ न पाहिलेल्या मुलांना बर्फावर लिहिता येणार नाही असं आपण धरून चालतो आणि त्यांच्या हातात गाईड देतो. माझं म्हणणं आहे, त्यांना 'चादर' देऊ नका. तिथली माणसं कशाची वाट बघतात ते सांगा आणि विचारा, 'तुमच्याकडे अशी वाट कशाची बघतात?' त्या आठवड्यातले निबंध मी जपून ठेवलेत. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, पण एकातही शुभ्र चादर नाही.

करून बघण्यासारखा एक प्रयोगही सांगते. गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणा आणि एका काचेच्या ग्लासात न दाबता काठोकाठ भरा. दुसऱ्या ग्लासात बर्फाचे खडे भरा. दोन्ही वितळल्यावर पट्टीने पाणी मोजा. किसलेल्याचं पाणी बरंच कमी भरतं, कारण मध्ये हवा असते. ताजा पडलेला बर्फ त्याहून हलका. दहा सेंटीमीटर थर वितळला तर ढोबळमानाने एक सेंटीमीटर पाणी. म्हणजे फोटोत गुडघाभर दिसणाऱ्या बर्फात पाणी जेमतेम पाच सेंटीमीटर. हे ऐकल्यावर आमच्या मुलांना एका पावसाळी दिवसाचा भाव कळला.

२०२५ मध्येही तसंच झालं. गुलमर्गच्या स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या. पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि अखेर ९ ते १२ मार्चला झाल्या. बातमी मुलांनीच कापून आणली होती.

येत्या २१ डिसेंबरपासून आम्ही वर्गाच्या भिंतीवर चाळीस घरांचा तक्ता लावणार आहोत. रोजच्या बातमीत गुलमर्गला बर्फ असेल तर घर निळं, नसेल तर कोरं. शेजारी जूनपासूनचा मासवणच्या पावसाचा तक्ता असेलच, तो मुलं आताही भरतात. तुमच्या शाळेत असं काही करणार असाल तर कळवा. तक्त्यांची अदलाबदल करू.