भंडारदऱ्याचा अंधार

31 मे 2024, शुक्रवार
घोटीला महामार्ग सोडला आणि बारीवरून भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला आलो. सोबत भाचा आणि त्याची दहा वर्षांची लेक. ते फिनलंडमध्ये टाम्पेरेला राहतात, सुट्टीला नाशिकला आलेत. तिथे उन्हाळ्यात तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची तिला सवय आहे; इथलं तळं दाखव म्हणून माझ्यामागे लागली होती.

तळं मात्र पार खाली गेलंय. हे तळं विल्सन धरणाचं; त्या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं, 1926 साली संपलं. तेव्हापासून प्रवरेचं हे पाणी आवर्तनं सोडून खालच्या शेतांना जातं. मे संपेपर्यंत काठाला भेगाळलेला गाळ उरतो. पोरगी पोहायला निघालीच होती, पण तंबूवाल्या काकांनी अडवलं. "वरून सुकलेला दिसतोय बाई, पण पाय घातला की गुडघाभर रुतशील." हिरमुसली खरी, पण तेवढ्यात करवंदांनी भरलेला द्रोण हातात आला.

1 जून, शनिवार
पहाटे बारीतून कळसूबाई. 1646 मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या पोरगी माझ्याआधी चढून गेली. माथ्यावर देवीच्या छोट्याशा देवळापाशी टेकलो. अलंग-मदन-कुलंग धुरकट दिसत होते. रोहिणी चालू आहे, दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून लवकर उतरलो.

रात्रीचं लिहिताना मन खट्टू होतं. सुट्टीचा वार, त्यामुळे काजवे बघायला गाड्यांची रांग लागलेली. ज्या झाडाखाली लोक जमले होते त्याच्यावर दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी हेडलाइट पडायचा. कुणी मोबाइलची बॅटरी झाडात मारून "कुठे आहेत?" असं विचारत होतं. उजेड पडला की झाड विझायचं. काजव्याचा नर चमकून मादीला साद घालतो, मादी पानावरून किंवा गवतातून उत्तर देते. सगळी सोयरीक उजेडाच्या खुणेवर. आपण त्यावर दिवा मारला तर ती खूण पोचणार कशी?

2 जून, रविवार
गर्दी दुपारीच पांगली. भाकरी, पिठलं, ठेचा खाऊन काकांबरोबर रतनवाडीच्या बाजूला चालत गेलो. बॅटऱ्या खिशात. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता, म्हणून तर या तारखा धरल्या होत्या.

पोरीने माझा हात घट्ट धरला होता. टाम्पेरेला या दिवसांत रात्रीही धड काळोख होत नाही, त्यामुळे उन्हाळा म्हणजे उजेड हेच तिचं गणित. डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटं गेली. मग समोरचा सादडा दिसला. आधी दोन-चार ठिपके, मग एक फांदी, मग सगळं झाड एका लयीत पेटायला आणि विझायला लागलं. पलीकडच्या हिरड्यानेही तीच लय धरली. ती काही बोलली नाही. मलाही बोलावंसं वाटलं नाही.

तिलाच पायाजवळ काहीतरी दिसलं. पाचोळ्यात हिरवट ठिपका, न मिचकावणारा. काका वाकून म्हणाले, "जपून. हा काजव्याचाच किडा. पंख फुटायचेत अजून." काजव्याचं बहुतेक आयुष्य असं जमिनीत, पाचोळ्यात, गोगलगाई खाण्यात जातं, झाडावरची झगमग शेवटच्या थोड्या दिवसांची. काल अशाच रस्त्याकडेच्या पाचोळ्यावर गाड्या लावलेल्या होत्या, चाकं पार आतपर्यंत. पुढच्या वर्षीचे काजवे आपण या वर्षीच चिरडतो आहोत, हे मला या एका ठिपक्याने दाखवलं.

परतताना भाच्याने तिथली रीत सांगितली. फिनलंडमध्ये रान कुणाचंही असो, कुणीही एखादी रात्र तंबू ठोकावा, फळं वेचावीत. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी पेटवायची नाही, आणि वणव्याचा इशारा असला तर मुळीच नाही. काका म्हणाले, "आमच्याकडे पाहुणे आधी शेकोटी मागतात, मग गाणी." मला ती फिनलंडची रीत पटली. मोकळीक भरपूर, पण रानाला धक्का लावायचा नाही.

3 जून, सोमवार
सकाळी रतनवाडीच्या अमृतेश्वराचं दर्शन घेऊन नाशिकला परत.

पाऊस नीट सुरू झाला की काजवे संपतात, म्हणजे मृगापर्यंतच काय ते. जाणार असाल तर सुट्टीचे वार टाळा आणि अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. गाडी गावातच उभी करा, शेवटचं अंतर चालत जा, गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्या. पाचोळ्यात पाय घालू नका. शेकोटी, स्पीकर नको. मोबाइल बंद करून दहा मिनिटं थांबा. काजवे दिसायला तेवढं पुरतं.