पडद्यावरच्या गाड्यांचे गुणपत्रक

कवितेला गुण देता येत नाहीत, असे आमच्या मराठीच्या वर्गातील बहुतेकांचे मत आहे. माझेही तेच आहे. मोटारींना गुण देण्याचे काम मात्र गेली दोन वर्षे मी मोठ्या निष्ठेने करीत आलो आहे. माझ्याकडे मोटार नाही. ती चालविण्याचा परवानाही नाही. परंतु चुलतभावाने स्वस्तात मिळविलेले एक जुने प्लेस्टेशन आहे, त्यात ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा खेळ आहे आणि माझ्याजवळ एक २०० पानी वही आहे. एवढ्या भांडवलावर आजवर ६३ गाड्या तपासून झाल्या.

ज्यांना या खेळाचा गंध नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थांनी घडविलेला पहिला ‘ग्रॅन टुरिस्मो’ १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आला, सातवा २०२२ च्या मार्चमध्ये. शर्यतीचे खेळ त्याआधीही होते. पण इथल्या बहुतेक गाड्या खऱ्या कारखान्यांतल्या, त्यांचे वजन खरे आणि ताकदही खरी. सातव्यात तर सुरुवातीलाच चारशेहून अधिक गाड्या होत्या. गंमत अशी की, नवशिक्याच्या वाट्याला प्रथम येते ती काही फेरारी नव्हे. टोयोटा ॲक्वा, होंडा फिट आणि माझ्दा डेमिओ या तीन घरगुती गाड्यांतून त्याने एक निवडायची. यातली फिट आपल्याकडे ‘जॅझ’ या नावाने विकली जात असे. वाऱ्याशी स्पर्धा करायला निघालेल्या माणसाला आधी भाजी आणायच्या गाडीत बसविणारा खेळ मला तेवढ्यावरच आवडून गेला!

आता गुणांकडे वळू. प्रत्येक गाडीच्या नावापुढे खेळ स्वतःच एक आकडा लिहून ठेवतो. त्याचे नाव परफॉर्मन्स पॉइंट्स. खेळणारे नुसते ‘पीपी’ म्हणतात. इंजिनाची ताकद, गाडीचे वजन, टायर यांसारख्या गोष्टींचा हिशेब करून यंत्र तो काढते. टायर बदलले की आकडा हलतो, वजन वाढविले की पुन्हा हलतो. माझा एक वर्गमित्र या आकड्याचा परमभक्त आहे. गाडी पाहण्याआधी तो पीपी पाहतो, आणि मग गाडी पाहतच नाही.

माझे त्याच्याशी भांडण जुंपले ते दोन गाड्यांवरून. माझ्दा रोडस्टर एस, २०१५ ची, आणि सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, २०१७ ची. स्विफ्ट हे नाव आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तिची ही तालमीत तयार झालेली बहीण मात्र इकडे विकायला आली नाही. कागदावर पाहाल तर दोघी जवळजवळ सारख्या. रोडस्टरची ताकद १३१ अश्वशक्ती, वजन ९९० किलो. स्विफ्टची १४०, वजन ९७०. फरक एवढाच की, रोडस्टरची मागची चाके गाडीला ढकलतात आणि स्विफ्टची पुढची चाके तिला ओढतात.

हा ‘एवढाच’ किती मोठा आहे, ते सुकुबाच्या मैदानावर कळते. सुकुबा हा जपानमधला अवघ्या २ किलोमीटरांचा मार्ग. गाड्यांची तुलना करणाऱ्या तिकडच्या मासिकांनी वर्षानुवर्षे वापरलेला. खेळात तो जसाच्या तसा आहे. शेवटचे उजवे वळण लांबलचक आणि वेगाचे. तिथे रोडस्टरला जरा लवकर वेग दिला, की तिची शेपटी बाहेर झुलते. सावरलीत तर स्वर्ग, नाहीतर गवत. स्विफ्ट तसे काही करीत नाही. घाई केलीत तर ती नुसते तोंड वळणाबाहेर काढते. पाय उचललात की निमूटपणे परत आत घेते.

माझी रीत अशी: दोन्ही गाड्यांना एकाच जातीचे टायर, रस्ता कोरडा, आणि प्रत्येकीच्या दहा फेऱ्या. वहीत दोन रकाने. पहिल्यात सर्वांत चांगली वेळ, दुसऱ्यात चांगल्या आणि वाईट फेरीतले अंतर. पहिल्या रकान्यात रोडस्टर दोन दशांश सेकंदाने पुढे होती. दुसऱ्यात तिचे अंतर ३.४ सेकंद, स्विफ्टचे १.१. मित्राने पहिला रकाना वाचून निकाल लावला. मी पहिला नंबर स्विफ्टला दिला. एकदाच चांगली वागणारी गाडी चांगली कशी म्हणायची?

‘तू जन्मात स्टिअरिंग धरले नाहीस, तुला काय कळते?’ हे त्याचे शेवटचे अस्त्र. त्यावर मी लुकास ओर्दोन्येसचे नाव घेतो. याच खेळातून शर्यतपटू निवडण्याची स्पर्धा २००८ साली भरली, ती या स्पॅनिश तरुणाने जिंकली. आणि २०११ साली ल मां येथील २४ तासांच्या खऱ्याखुऱ्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळविला. मित्र म्हणतो, ‘तू ओर्दोन्येस नाहीस.’ हेही खरेच.

या भांडणात तिसरा माणूस आला तो मामांच्या रूपाने. मामांनी २६ वर्षे मालट्रक चालविला. मग साखरेने डोळे धरले, डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितले. तेव्हापासून ते कोणाच्याही गाडीत पुढच्या सीटवर बसत नाहीत. मागे बसतात आणि खिडकीबाहेर पाहतात. गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे राहायला आले. दोन दिवस माझ्यामागे खुर्चीत बसून त्यांनी पडदा पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी विचारले,

“मोकळीच पळवतोस व्हय? भरल्यावर कशी वागती?”

प्रश्न माझ्या वहीत नव्हता. मित्राच्या पीपीतही नव्हता. पण खेळात सोय निघाली: गाडीवर जादा वजन चढविता येते. मी स्विफ्टमध्ये २०० किलो टाकले. “म्हंजे चार पोती,” मामा म्हणाले. इंजिनाचे तेल जुने झाले की ताकद उतरते आणि ते बदलावे लागते, हे कळल्यावर तर खेळाविषयी त्यांचे मत एकदम सुधारले. वहीत तिसरा रकाना आला: ‘भरलेली’.

चौथ्या दिवशी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. “ह्यात गाडी बुडाला कळत न्हाई,” ही पहिली तक्रार. ती अगदी रास्त होती. ट्रक त्यांना सीटमधून बोलत असे, इथे फक्त दोन अंगठे. आठवडाभर त्यांची स्विफ्ट वाळूत आणि गवतात चरत होती. मग जाणे थांबले.

जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी चार पोत्यांसह दहा फेऱ्या पुऱ्या केल्या. भरलेल्या गाडीच्या माझ्या फेऱ्यांपेक्षा प्रत्येक फेरी नऊ-दहा सेकंदांनी मंद. वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, मग सरळ होईपर्यंत धीर. पहिल्या रकान्यात इतकी वाईट वेळ आजवर कोणीच नोंदविलेली नाही. दुसऱ्या रकान्यात मी अंतर काढले, पुन्हा तपासले आणि लिहिले: ०.८ सेकंद. त्या रकान्यात याहून लहान आकडा वहीभर नाही.

मामांनी चष्मा लावून वही जवळ धरली, ओळीवरून बोट फिरवीत आपले नाव शोधले.

“उद्या दुपारची एस.टी. धरतो,” ते म्हणाले. “सकाळी ती दुसरी भरून ठेव. शेपटी हलवती ती.”